धुराडं नसलेला धूर

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कारखान्यांच्या धुराड्यांवर सगळ्यांची नजर असते. धूर जरा काळा दिसला की कसबा सांगाव, तळंदगे, हुपरीपर्यंत बोलणं सुरू होतं आणि ते व्हायलाच हवं. धुराडं किती उंच असावं याचा नियम आहे. घातक कचरा किती निघाला, कुठं गेला, याची नोंद कारखान्याला ठेवावी लागते. जाब विचारायला प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. पण भाड्याच्या खोल्यांच्या मागं रोज पेटणाऱ्या ढिगाला धुराडं नसतं. त्याचा धूर वर जातच नाही. हिवाळ्यात तर गार हवा त्याला जमिनीलगत दाबून धरते आणि तो आडवा पसरत खिडकीतून आत येतो. आत रात्रपाळी करून आलेला, बिहार-ओडिशाकडचा कुणी पोरगा नुकताच झोपलेला असतो.

त्या ढिगात काय नसतं? दुधाच्या रिकाम्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, शिळा भात, भाजीचे देठ, लेकराचा डायपर, तुटकी चप्पल, वायरीचा तुकडा. ओलं-सुकं एकत्र असल्यामुळं ते भडकत नाही, दुपारपर्यंत नुसतं धुमसत राहतं. धुमसणं हे भडकण्यापेक्षा वाईट. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहूनही बारीक कण निघतात. ते नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. लहान मूल मोठ्या माणसापेक्षा भरभर श्वास घेतं, म्हणजे वजनाच्या मानानं त्याच्या वाट्याला हा धूर जास्त येतो. वायरीवरचं पीव्हीसी जळताना डायॉक्सिन तयार होतं. ते गवतावर बसतं, वैरणीतून जनावराच्या पोटात जातं, चरबीत साठतं आणि दुधात उतरतं. दुधावर संसार चालवणाऱ्या आपल्या भागानं तर ही गोष्ट फार मनावर घ्यायला हवी.

तरीही काडी लावणारा माणूस मला वाईट वाटत नाही. त्याला दारात घाण नको असते. फेकलेल्या कपात, नारळाच्या करवंटीत, टाकलेल्या टायरात पावसाचं पाणी राहिलं की आठ-दहा दिवसांत डेंग्यूचा डास तयार होतो. हे त्यानं ऐकलेलं असतं आणि धुरानं डास पळतात असंही त्याला वाटतं. शिवाय पालापाचोळा पेटवणं ही आपली जुनीच रीत. पूर्वीच्या उकिरड्यात शेण, राख, पाला, खरकटं असायचं. ते कुजायचं, मृगाच्या आधी शेतात जायचं. पेटवण्याची सवय तशीच राहिली, ढिगातला माल मात्र पार बदलून गेला.

कायदा आहे. घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करा, असं 2016 च्या नियमांनीच सांगितलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये दंड ठरवला. पण खोली एकाची, भाडेकरू दुसरा, मागची पड जागा तिसऱ्याचीच. दंड करायचा कुणाला? घंटागाडी आली तेव्हा पहिल्या पाळीचं घर बंद असतं. संध्याकाळी पिशवीला वास सुटतो आणि ती ढिगावर जाते.

माझ्या मते सुरुवात खोलीमालकापासून व्हावी. दर महिन्याला भाडं आणि लाइटबिल मागायला तो येतोच. त्याच फेरीत त्यानं झाकणाची दोन पिंपं आणून ठेवावीत, एक ओल्याला, एक सुक्याला. डायपर कागदात गुंडाळून निराळा. ओलं बाहेर काढलं की उरलेल्याला वास येत नाही, ते पेटवावंसंही वाटत नाही. सुकं भंगारवाला आनंदानं नेतो. ओलं परसात खड्डा करून मुरवता येतं, नाहीतर गाडीत द्यावं. आणि तीन पाळ्यांच्या वस्तीत गाडी येण्याच्या वेळेला कुणी ना कुणी घरी असतंच. पिंप बाहेर ठेवायला तेवढा एक माणूस पुरतो.