श्रवणभक्ती आणि स्वतंत्र अल्बम

बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले की वाटेत पाली लागते. गावाजवळ बिंदुसरेचे धरण आहे आणि पुढे मांजरसुंब्यापाशी कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी. कार्तिकी पौर्णिमेला तिथे यात्रा भरते आणि स्वामींचे अभंग डोंगरभर घुमतात. याच जिल्ह्यात अंबाजोगाईला मुकुंदराज झाले आणि रागांची नावे घालून पदे रचणारे दासोपंतही तिथलेच. गावोगाव हरिनाम सप्ताह बसतो, पहाटे काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि शेवटी काल्याच्या कीर्तनाने सांगता. इथला धर्म डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त सांभाळला आहे. म्हणून एक प्रश्न इथेच नीट विचारता येतो. एवढे ऐकून ऐकणाऱ्याच्या आत काय घडते? आणि एखादा चित्रकार किंवा कवी म्हणतो की अमुक अल्बम ऐकला आणि त्यातून मला माझे काम सापडले, तेव्हा त्याच्या ऐकण्याला सप्ताहातल्या श्रवणाच्या पंक्तीला बसवायचे, की निव्वळ करमणूक म्हणून बाजूला ठेवायचे? माझे मत असे की ते श्रवणच आहे, आणि श्रवणाच्या कसोट्या त्याला पूर्णपणे लागू होतात.

भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद नऊ प्रकारच्या भक्ती सांगतो, त्यात श्रवण पहिले येते. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाची सुरुवात याच श्रवणापासून केली आणि त्याचा पैस फार मोठा ठेवला. कर्ममार्ग, ज्ञानमार्ग, योग, नाना विद्या, नाना मते, सगळे ऐकावे, मात्र त्यातले सार शोधून घ्यावे आणि असार ओळखून सोडावे, अशी त्यांची अट आहे. सार शोधणे हे काम आहे, आणि ते ऐकणाऱ्यानेच करायचे आहे. ज्ञानदेव तर नवव्या अध्यायाच्या आरंभीच श्रोत्यांकडे अवधान मागतात, आणि ते दिले तर सर्वसुखाला पात्र व्हाल असे वचन देतात. ज्यांना सांगायचे त्यांच्यापुढेच वक्ता हात पसरतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. श्रोता तिथे देणारा ठरतो. काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी सहृदयाच्या ठायी रसाची परिपूर्ती मानली, तेव्हा त्यांचेही बोट याच दिशेला होते. रचना पूर्ण व्हायला दुसऱ्याचे अंतःकरण लागते. आता ज्या ऐकण्यात अंतःकरणाला एवढे काम पडते, त्यातून नवे काही जन्माला आले तर त्यात नवल कसले?

स्वतंत्र अल्बमचे महत्त्व इथे सुरू होते. १९०२ साली गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत. पुढे लाँगप्ले आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटे मिळू लागली. गाण्यांना क्रम आला, एका गाण्याचा दुसऱ्याशी संबंध आला, मधल्या शांततेलाही अर्थ आला. चित्रपटगीत कितीही सुंदर असो, ते एका प्रसंगाचे देणे लागते. नायिका खिडकीत उभी आहे, पाऊस पडतो आहे, हे आधी ठरलेले असते आणि ऐकणाऱ्याच्या मनात तेच चित्र येऊन बसते. हृदयनाथ मंगेशकरांनी लताबाईंकडून मीरेची भजने गाऊन घेतली किंवा श्रीनिवास खळ्यांनी तुकोबांचे अभंग बांधले, तेव्हा पुढे पडदा नव्हता. चित्र ऐकणाऱ्यानेच काढायचे होते. या तबकड्या मोठ्या कंपनीने काढल्या होत्या, त्यामुळे व्यवहाराच्या अर्थाने त्यांना स्वतंत्र म्हणता येणार नाही, हे मान्य. पण मी स्वातंत्र्य मोजतो ते वेगळ्या मापाने. गाणे कोणाला उद्देशून आहे? गिऱ्हाइकाला, निर्मात्याला, की जिच्यापुढे काहीच विकायचे नसते अशा एखाद्या सत्तेला? तिसऱ्या प्रकारचे गाणे ऐकणाऱ्यासाठी जागा मोकळी सोडते. आजची तरुण मंडळी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या खोलीत अल्बम करतात तेव्हा ती जागा मोकळी राहण्याची शक्यता वाढते, एवढेच. खात्री मात्र तिथेही नाही.

पुराव्यासाठी कुमार गंधर्वांकडे पाहावे. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला हा गायक लहानपणी थोरामोठ्यांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गाई आणि लोक थक्क होत. ते ऐकणे अजून नकलेचे होते. पुढे क्षयाने गाठले, १९४८च्या जानेवारीत ते देवासला राहायला गेले आणि डॉक्टरांनी गाणे बंद केले. काही वर्षे या माणसाकडे ऐकण्याखेरीज दुसरे काही उरले नाही. माळव्यातल्या बायकांची गाणी, वाटेने जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने अंथरुणावर पडल्यापडल्या कानी येत. त्या गाणाऱ्यांना आपण कोणाला काही शिकवतो आहोत याची कल्पनाही नव्हती. पुन्हा गाऊ लागल्यावर कुमारांनी लोकधुनांतून नवे राग उभे केले, ते १९६५च्या ‘अनूपरागविलास’मध्ये आले, आणि कबीराची निर्गुणी भजने त्यांनी अशी गायिली की ती पुढे तबकड्यांवरून घरोघर गेली. आजाराने त्यांना मोठे केले असे कोणी म्हणू नये, आजार कोणाला मोठे करत नाही. गाता येत नसताना कान जागे ठेवले, ही त्यांची साधना. नक्कल करणारा मुलगा आणि राग घडवणारा गायक यांच्यामध्ये ही वर्षे उभी आहेत.

दुसरे नाव अरुण कोलटकरांचे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, जाहिरातीच्या धंद्यात चित्रकार म्हणून नावाजलेले आणि ‘जेजुरी’ लिहिणारे कोलटकर अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकले. आवडते लेखक कोण, असे एका मुलाखतीत विचारल्यावर त्यांनी जी लांबलचक यादी दिली, तिच्यात जनाबाई, तुकाराम, कबीर आणि पठ्ठे बापूराव आहेत, बॉब डिलन आहे, आणि रॉबर्ट जॉन्सन व मडी वॉटर्स हे अमेरिकेतले काळे ब्लूज गायकही आहेत. रॉबर्ट जॉन्सनची उणीपुरी २९ गाणी १९३६-३७ मध्ये टेक्सासात मुद्रित झाली. मुंबईतल्या एका मराठी कवीच्या कानावर ती पडली ती तबकडीमुळेच. याच यादीत बळवंतबुवा हे भजनी गायकही आहेत. त्यांच्या आठवणी ऐकत कोलटकर वर्षानुवर्षे बसले, आणि पंढरीच्या वाटेवरच्या बायकांची ‘चिरीमिरी’ त्या ऐकण्यातून आली. कोलटकरांच्या मराठी कवितेत ब्लूजची उसनवारी शोधायला जावे तर हाती काही लागत नाही. हाती लागतो तो एक सूर, गरीब माणसाच्या तोंडचा, तक्रार करता करता हसणारा, देवाशीही सलगीने बोलणारा. तो जनाबाईचाही आहे आणि जॉन्सनचाही. समर्थांनी सांगितलेले सार शोधणे ते हेच, असे मी म्हणेन.

यावर पहिला आक्षेप कीर्तनाच्या बाजूने येतो आणि तो वजनदार आहे. कीर्तनकार समोरचा समाज पाहून अभंगाचे निरूपण वळवतो, टाळकऱ्यांचा ठेका वाढतो, विणेकरी उभा असतो. ही जिवंत देवघेव ध्वनिमुद्रणात कुठून येणार? येत नाही, हे कबूल करावे. पण बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला केवळ श्रवण सांगून थांबत नाही, पुढे मनन आणि निदिध्यासनही सांगतो. कीर्तन एकदा कानावरून गेले की गेले. अल्बम पुन्हा लावता येतो, एकाच जागी दहा वेळा थांबता येते. श्रवणाला मंडप हवा, मननाला एकांत आणि पुनरावृत्ती हवी, आणि ही दुसरी गरज अल्बम भागवतो. फोनवर दर तिसऱ्या मिनिटाला गाणे पुढे ढकलणारा मात्र मंडपालाही मुकतो आणि एकांतालाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. श्रवणाचे फळ अहंकार गळणे हे आहे. कलावंताला मात्र ऐकून स्वतःचे काहीतरी करायचे असते, त्यावर आपले नाव घालायचे असते. मग हे श्रवण भक्ती कसे? उत्तर देहूत आहे. तुकोबांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात सांगितले आहे की आरंभी त्यांचे चित्त अभ्यासात नव्हते. मग त्यांनी संतांची वचने विश्वासाने पाठ केली, आणि पुढे गाणारे गात तेव्हा त्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले. मराठीतला सर्वांत मोठा कवी आधी दुसऱ्याच्या गाण्यामागे उभा राहिलेला धृपदी होता. नंतर नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्वाची आज्ञा केली, असेही ते सांगतात. ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा त्यांनी सोडली नाही, आणि तरी शब्द आपले नाहीत असे पुन्हा पुन्हा म्हटले. म्हणजे नाव घालणे आणि अहंकार या दोन गोष्टी एकच नव्हेत. ज्याने खरोखर ऐकले आहे, त्याला आपल्या कामात दुसऱ्याचे किती आहे हे ठाऊक असते. ऐकण्यातून आलेल्या निर्मितीत अहंकाराला औषध आहे ते एवढेच, पण ते पुरेसे आहे. कलावंताने कृतज्ञतेने आपली यादी जाहीर केली, जशी कोलटकरांनी केली, की ते औषध लागू पडते.

गिटार आणि ड्रमवर अभंग गाणाऱ्या ‘अभंग रिपोस्ट’सारख्या तरुणांच्या बँडकडे बोट दाखवून कोणी पावित्र्याची गोष्ट काढतो. त्याला सांगावे की आज भजनाच्या फडात हक्काने बसलेली पेटी युरोपातून आली. आकाशवाणीने १९४० पासून तिच्यावर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही. तेवढ्या काळातही गावोगावच्या भजनांत पेटी वाजतच राहिली. वाद्यावरून धर्म ठरवण्याचा प्रश्न आपल्या आजोबांनीच निकालात काढला आहे.

पण या विषयातला सर्वांत बळकट पुरावा पालीच्या पूर्वेला, बीड जिल्ह्यातल्याच माजलगावात आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी अनेक वर्षे महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या, आणि आता हा ठेवा पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतो. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या त्यात आहेत. जात्याशी दोघी समोरासमोर बसतात, दोघींचे हात एकाच खुंट्यावर, एक जण मोकळ्या हाताने जात्याच्या तोंडात ज्वारीचा घास घालते. एकीने ओळ काढायची, दुसरीने धरायची. लय ठरवतो दगड, कारण पाळी जड असेल तर ओळ लांबते. ऐकायला कोणी बसलेले नसते, पैसे देणारा तर नसतोच. मी वर केलेल्या व्याख्येने यापेक्षा स्वतंत्र संगीत दाखवणे कठीण आहे. आणि भीमनगरातल्या त्या बायका काय गातात? बाबासाहेबांवर गातात, बुद्धावर गातात. ओवीचा साचा तोच, आईकडून लेकीकडे आलेला, ज्यात पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठल, रुक्मिणी आणि पाठचा भाऊ आला. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर त्याच साच्यात नवा आशय आला. आईची ओवी त्यांनी नुसती जपली असती तर ही भर पडली नसती, आणि ती सोडून दिली असती तर दगडाच्या लयीवर बुद्धाचे नाव आले नसते. सार घेतले, असार सोडले, आणि ते कोणत्याही ग्रंथाचा आधार न मागता. श्रवणातून निर्मिती होते का, हा प्रश्न तात्त्विक वाटतो खरा, पण या बायकांनी तो जात्यावर सोडवून ठेवला आहे.

गावोगाव गिरण्या आल्या आणि ती जाती बहुतेक घरांत कोपऱ्यात गेली. मुद्रणे झाली नसती तर या ओव्या त्या गाणाऱ्यांबरोबरच संपल्या असत्या. म्हणून ध्वनिमुद्रणाला निर्जीव म्हणणाऱ्यांनी आधी ती ऐकावीत. पाली, मांजरसुंबा, माजलगाव, अंबाजोगाई इथल्या सप्ताह समित्यांना आणि बुद्धविहारांच्या मंडळांना माझी विनंती आहे. वर्षातून एक संध्याकाळ भाषण, सत्कार, सूत्रसंचालन काही न ठेवता फक्त ऐकण्यासाठी ठेवा. कर्ण्याऐवजी एक साधा स्पीकर आणा, भीमनगरातल्या ओव्या पहिल्यापासून शेवटपर्यंत लावा, दुसऱ्या वर्षी कुमारांची निर्गुणी भजने लावा, तिसऱ्या वर्षी गावातल्याच एखाद्या पोराने घरी केलेला अल्बम लावा. गावात ज्या मुलामुलींना चित्र काढायचे आहे, लिहायचे आहे, त्यांना त्या दिवशी पुढच्या रांगेत बसवा.