छपरावर येणारा पाहुणा

सांताक्लॉज दारातून येत नाही, छपरावर उतरतो. ही गोष्ट फार जुनी नाही. मूळचे संत निकोलस हे चौथ्या शतकातले मायरा गावचे बिशप. ते गाव आज तुर्कस्तानात डेम्रे या नावानं आहे. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप खिडकीतून सोनं आत टाकलं, अशी त्यांची कथा सांगतात. छप्पर, धुराडं आणि आठ रेनडियरांची गाडी हे सगळं एकत्र आलं ते २३ डिसेंबर १८२३ रोजी. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय इथल्या ‘सेंटिनेल’ या वर्तमानपत्रात त्या दिवशी एक निनावी कविता छापून आली. पुढे ती क्लेमेंट क्लार्क मूर यांच्या नावावर लागली. हे मूर हिब्रू भाषेचा कोश करणारे पंडित, न्यूयॉर्कच्या एका धर्मविद्यालयातले प्राध्यापक. खुरांचा आवाज घराच्या डोक्यावर पहिल्यांदा नीट ऐकवला तो त्या कवितेनं. तेव्हापासून अमेरिकेतली मुलं डिसेंबर लागला की छपराकडे बघायला लागतात.

आमच्या घरातही तेच झालं. न्यू जर्सीतल्या एडिसनला आम्ही चौघं राहतो: मुलगा, सून, सात वर्षांची नात आणि मी. निवृत्त होईपर्यंत मी सांगलीला कॉलेजात संस्कृत शिकवत होते, मीमांसा हा माझा आवडता विषय. ज्या मेन्लो पार्कमध्ये थॉमस एडिसननं १८८० च्या नाताळात आपल्या प्रयोगशाळेबाहेर विजेच्या दिव्यांच्या माळा लावल्या आणि आगगाडीतून जाणाऱ्यांना त्या बघायला मिळाल्या, ते मेन्लो पार्क आज याच गावात मोडतं. दोन वर्षांनी त्याचाच सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं न्यूयॉर्कला आपल्या घरातलं नाताळचं झाड ८० दिव्यांनी उजळलं. आता आमच्या गल्लीत बऱ्याच घरांवर दिवाळीला चढलेल्या माळा नाताळ उलटेपर्यंत उतरतच नाहीत. दिवा कोणासाठी लावलाय हे विचारायची गरज इथं कोणाला वाटत नाही, आणि मला ते आवडतं.

पण माळा लावणं हे शेवटचं काम. त्याआधी पन्हळी साफ करायच्या असतात. आमच्या मागच्या अंगणात ओकची झाडं आहेत. त्यांची पानं गळायला उशीर लागतो, म्हणून नोव्हेंबर सरता सरताच हे काम काढावं लागतं. पानं वरून कोरडी दिसतात. हात घातला की खाली काळा, थंडगार लगदा लागतो आणि त्याला कुजक्या चहापत्तीसारखा वास येतो. तो तसाच राहिला तर पाणी तुंबतं, गोठतं, वळचणीला बर्फाचा बांध तयार होतो आणि मागे अडलेलं पाणी छपरावरच्या शिंगल्सच्या खालून घरात शिरतं. मुलगा शिडीवर चढून लगदा बादलीत टाकत होता. मी शिडी धरून होते. शिडीच्या दर चार फूट उंचीमागे तिचा पाय भिंतीपासून एक फूट लांब हवा, हा इथला नियम मी त्याला दर वेळी म्हणून दाखवते. माळेचे दिवे पन्हळीच्या काठावर प्लॅस्टिकच्या चिमट्यांनी अडकवायचे, शिंगलवर खिळा मारायचा नाही. खिळ्याचं भोक म्हणजे पुढच्या पावसाला आमंत्रण.

नात खाली अंगणात कागद घेऊन बसली होती. तिनं छपराचा नकाशा काढला होता. दक्षिणेच्या उतारावर सौर पॅनेल आहेत, तिथं रेनडियरांचे पाय घसरतील आणि काच फुटेल. गॅरेजवरचं छप्पर फार लहान. राहिला उत्तरेचा उतार, धुराड्याच्या बाजूचा. तिनं वर ओरडून सांगितलं, “बाबा, गाडी तिथे उतरणार, तिथलं नीट बघ.” त्या बाजूला ऊन येत नाही, शेवाळ धरतं, पहाटेचं दव दुपारपर्यंत गोठलेलं राहतं. एरवी तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. मुलानं शिडी त्या बाजूला लावली आणि छपरावर न चढता, शिडीवरूनच पाहिलं. धुराड्याच्या बुडाशी वीट आणि छप्पर जिथे भेटतात तिथला पत्रा एका कोपऱ्यात उचकटला होता. बोटभर फट होती. ती तशीच राहिली असती तर फेब्रुवारीत बैठकीच्या छताला ओल आली असती. छपराचं काम करणाऱ्या माणसाला बोलावून तो पत्रा बसवून घेतला.

संध्याकाळी चहा घेताना सून म्हणाली, “आई, एक विचारू? हे सगळं आपण करतोय, पण आपण तिच्याशी खोटं बोलतोय का?”

प्रश्न तिनं मनापासून विचारला होता, म्हणून मी लगेच उत्तर दिलं नाही. मला जैमिनींच्या मीमांसासूत्रांतला नववा अध्याय आठवत होता. त्याच्या पहिल्या पादात देवतेविषयी एक अधिकरण, म्हणजे एक वादप्रकरण, आहे. पूर्वपक्ष, म्हणजे आधी मांडलेली विरोधी बाजू, म्हणते की यज्ञ म्हणजे देवतेला जेवू घालणं. अतिथीसाठी स्वयंपाक करतात, तसा देवतेसाठी होम, म्हणून देवताच महत्त्वाची. सिद्धान्त, म्हणजे शेवटी ठरलेलं मत, हे मान्य करत नाही. शबरस्वामी या सूत्रांवरच्या आपल्या भाष्यात म्हणतात, देवतेला देह नाही, ती येत नाही, खात नाही. मुख्य आहे ते कर्म, देवता त्या कर्माचं एक अंग. पूर्वपक्ष हट्टानं सांगतो की देवता भुंग्यासारखी अन्नातला रस तेवढा शोषून घेते, म्हणून तर नैवेद्याचं अन्न मागाहून बेचव लागतं. शबरस्वामी उत्तर देतात, बेचव लागतं कारण त्याला वारा लागलेला असतो आणि ते गार झालेलं असतं. चोवीस तारखेच्या रात्री सांतासाठी शेगडीशेजारी ठेवलेल्या दुधावर सकाळी साय धरलेली दिसते, तेव्हा मला हे भाष्यकार फार जवळचे वाटतात.

शंकराचार्यांना हे पटत नाही. ब्रह्मसूत्रभाष्यात पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ते देवतांना देह आहे असं मांडतात. तिथे पहिली शंका नेमकी तीच येते जी या देशातलं प्रत्येक मूल सात-आठ वर्षांचं झालं की काढतं: एकाच वेळी इतक्या ठिकाणी तो कसा पोचेल? इंद्र देहधारी असेल तर एका वेळी चालू असलेल्या अनेक यज्ञांना तो कसा हजर राहणार? आचार्य दोन उत्तरं देतात. एक, देवता अनेक देह धारण करू शकते. दुसरं मला जास्त आवडतं. एका ब्राह्मणाला एकाच वेळी अनेक घरी जेवता येणार नाही हे खरं, पण अनेक माणसं एकाच वेळी त्याला नमस्कार करू शकतात. म्हणजे कर्म जर त्याला उद्देशून असेल, तर तो जागचा हललाही नाही तरी सगळ्यांचं कर्म पुरं होतं. रेनडियरांचा वेग काढणारी गणितं मी वाचली आहेत. नमस्काराचं हे उत्तर त्या सगळ्यांपेक्षा खोल आहे असं माझं मत आहे.

आणि पुढे आचार्य आणखी एक गोष्ट सांगतात, ती मला त्या उचकटलेल्या पत्र्यापाशी नव्यानं कळली. आहुती देताना त्या देवतेचं मनात ध्यान करायचं असतं. जिला रूपच नाही तिला मनात बसवणार कशी? पन्हळ आम्ही दर वर्षी साफ करतो, विम्याच्या भीतीनं, दुरुस्तीच्या खर्चाच्या भीतीनं. पण त्या भीतीनं बघणारा माणूस जिथे नेहमी बिघडतं तिथेच बघतो. मुलीच्या मनात एक वजनदार म्हातारा होता, बूट घातलेला, पोतं घेतलेला, आणि त्याचा पाय नेमका कुठे पडेल याची तिला काळजी होती. म्हणून तिनं सबंध छप्पर दुसऱ्याच्या पायांनी चालून पाहिलं. पाहुण्याला रूप होतं म्हणून फट सापडली. शबरस्वामींना मी विचारलं असतं की नुसतं कर्म मुख्य म्हटलं तर ही काळजी कुठून येते?

तरी मी त्यांची बाजू सोडलेली नाही, कारण सुनेच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडेच आहे. सांता येतो हे सिद्ध केल्याशिवाय तयारी करता येत नाही, हे गृहीतच चुकीचं आहे. तयारी ही तयारी म्हणून पुरी असते. खोटं सुरू होतं ते पुरावा रचायला लागलं की. इथे पुष्कळ घरांत आईबाप रात्री गाजर अर्धं खाऊन अंगणात टाकतात, पीठ भुरभुरून बुटांचे ठसे काढतात, छपराशी घुंगरू वाजवतात. प्रेमानंच करतात, मला माहीत आहे. पण मुलाचं मन जिथे स्वतः पोचलं असतं तिथे ते त्याला ढकलून नेतात, आणि एक दिवस मूल तो ठसा आपल्या बापाच्या बुटाशी जुळवून पाहतं. तेव्हा त्याचा सांतावरचा विश्वास जातो याचं मला तितकं दुःख नाही. आपल्या माणसांवरचा जातो, ते वाईट.

म्हणून मी सुनेला म्हटलं, छप्पर झाडू, दिवे लावू, दूध ठेवू, रेनडियरांसाठी ओट्स टाकू. ओट्समध्ये चमकी मिसळून विकतात ती नको, खारी आणि पक्षी ते खातात. पण ठसे काढायचे नाहीत. आणि नातीनं थेट विचारलं तर तोंडानं ‘येतो’ म्हणायचं नाही.

“आणि ‘येत नाही’ असं म्हणायचं?” सूनबाईंनी विचारलं.

तेही माझ्यानं म्हणवत नाही. सतराव्या शतकात काशीला खंडदेव नावाचे थोर मीमांसक होऊन गेले. ‘भाट्टदीपिके’त त्यांनी देवतेला देह नाही हा जैमिनींचा पक्ष चोख मांडला, आणि प्रकरण संपवताना लिहिलं की असं बोलतानासुद्धा माझी वाणी विटाळते, आता हरिस्मरण हाच आसरा. वर्गात हे शिकवताना मुलं हसायची. मी कधी हसले नाही. युक्तिवादात तसूभर खोट न ठेवता त्याच्या शेवटी आपलं मन कुठे आहे हे सांगणारा पंडित विरळा. नातीनं धुराड्यावरच्या जाळीकडे बोट दाखवून “आजी, तो यातून कसा येणार?” असं विचारलं तेव्हा मला त्यांचीच आठवण झाली. जाळी काढता येत नाही, रॅकून आत शिरतात, ठिणग्या बाहेर पडतात. ज्यांच्या घराला धुराडंच नाही ते लोक दाराबाहेर सांतासाठी किल्ली टांगतात, ती बाजारात मिळते. मी तिला सांगितलं, “आपलं काम छप्पर नीट ठेवायचं गं. पुढचं ज्याचं त्यानं बघावं.” तिला हे पुरलं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा मुलांना पुष्कळ कमी उत्तर पुरतं, जर ते प्रामाणिक असेल तर.

आमच्या शेजारच्या बाई कॅथलिक आहेत, पोलिश वंशाच्या. त्यांच्याकडे निकोलस येतो तो ६ डिसेंबरला, आपल्या सणाच्या दिवशी. आमच्या छपरावरची गडबड त्या बघतात आणि मुलीला खाऊ देतात, पण त्यांच्या स्वतःच्या छपरावर काही नसतं. त्यांच्या अंगणात लाकडी गोठा असतो. मेरी, जोसेफ, मेंढ्या, सगळे जागेवर, मधली गव्हाण रिकामी. बाळाची मूर्ती चोवीसच्या रात्री ठेवायची, तोवर चार रविवारांचा ॲडव्हेंट, येणाऱ्याची वाट बघण्याचा काळ. त्यांच्यासाठी हा येणारा खराच येतो, त्यात मला दुसरं बोलायचा अधिकार नाही. याच देशात मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी १६५९ मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता आणि १६८१ पर्यंत तो कायदा होता. सणानं देव झाकला जातो ही त्यांची भीती पोकळ नव्हती. गोठ्यापुढे उभं राहिलं की वाटतं, त्या भीतीवर उपाय बंदी नाही, ती रिकामी ठेवलेली जागा आहे.

अशा रिकाम्या जागेवरूनच आमच्या घरात वाद झाला. मुलानं छपरावर बसवायला पंख्यानं फुगणारा मोठा सांता आणला, आठ फुटी, आत दिवा असलेला. मी नको म्हटलं. मूर्तीला माझा विरोध कसा असेल? पण गणपतीचं मखर आधी सजतं, मूर्ती त्या दिवशी येते. ज्याची वाट बघायची तोच नोव्हेंबरपासून छपरावर डुलत बसला तर नातीनं तिच्या नकाशावर गाडी उतरवायची कुठे? मुलाचं म्हणणं, गल्लीतल्या लहान मुलांना तो बघायला आवडेल. तेही खोटं नाही. शेवटी नातीनं निकाल दिला: उत्तरेचा उतार मोकळा, फुगा खाली मोटारीच्या वाटेशी, आणि चोवीसच्या संध्याकाळी त्याचा पंखा बंद.