मित्राचे गुह्य

सन्मित्राची लक्षणे सांगताना भर्तृहरीने नीतिशतकात मित्राचे गुह्य झाकणे आणि त्याचे गुण प्रकट करणे ही एकाच श्लोकात गोवली आहेत. उलट ॲरिस्टॉटलने अशी अट घातली की, परस्परांविषयीची सदिच्छा उभयतांस ठाऊक असली पाहिजे, आणि कांटने तर अंतरीचे विचार निःशंकपणे बोलता येणे यातच खऱ्या मैत्रीचे सार पाहिले. आपला ओढा पुरुषांकडे आहे, हे एखादा मनुष्य आपल्या जिवलग, पण तसा ओढा नसलेल्या मित्राला सांगतो, तेव्हा ही दोन मते समोरासमोर येतात.

ऐकणाऱ्याचा पहिला उद्गार बहुधा "अरे, मग इतकी वर्षे बोलला का नाहीस?" हा असतो. त्यात माया असते खरी; पण एखादा दस्तऐवज आपल्यापासून दडवला गेल्याची फिर्यादही असते. कट्ट्यावर कोणाला 'बायल्या' म्हणून हशा उसळला, तेव्हा हे फिर्यादीही हसले होते आणि शेजारच्याने ते हसणे मुकाट्याने ध्यानात ठेवले होते, याची नोंद त्यांच्या दप्तरी नसते. शिवाय १८६० च्या दंड संहितेतील कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधासही जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगत होते. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेली मोकळीक सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली काढून घेतली, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी ती परत दिली. जी गोष्ट सरकारदरबारी गुन्ह्याच्या सदरात मोडत होती, ती मित्राच्या कानी घालताना जीभ अडखळली, तर तो अविश्वास नव्हे.

मग येतो स्पर्शाचा प्रश्न. आपल्याकडे पुरुषांच्या मैत्रीत गळ्यात हात टाकून हिंडणे, एकाच सतरंजीवर आडवे होणे यांस कोणी नाव ठेवीत नाही. पण हे कळल्यावर तोच हात खांद्यापाशी येऊन घुटमळतो, आणि जुन्या सहलींचा मनातल्या मनात फेरतपास सुरू होतो. समलिंगी मित्राचे मन आपल्यावरच बसले असणार, ही शंका मला बहुतांशी आत्मप्रौढीचीच एक जात वाटते. भेटेल त्या स्त्रीवर आपले मन जडत नाही, हे ज्याला स्वानुभवाने ठाऊक आहे, त्याला ती पडावीच का? क्वचित ती खरीही ठरते. तरीही मागली मैत्री लटकी ठरत नाही, कारण ॲरिस्टॉटलने मागितलेली जाणीव सदिच्छेची होती, आकर्षणाची नव्हे.

खरी कसोटी पुढेच लागते, कारण गुपित ऐकणारा त्या दिवसापासून स्वतःच गुपित बाळगणारा होतो. मित्राची आई चहाचा कप पुढे करून म्हणते, "तू तरी समजाव रे त्याला, स्थळे सांगून येताहेत." येथे भर्तृहरीचा कौल निःसंदिग्ध आहे: मातेपुढे मौन पाळावे, आणि ते पाळताना चेहराही सांभाळावा. परंतु त्याच मित्राने घरच्यांच्या आग्रहापुढे मान तुकवून खरोखर मुलगी पसंत केली, तर गुह्याची किंमत एका तिऱ्हाईत स्त्रीच्या आयुष्यातून वसूल होऊ लागते, आणि तेथे त्या श्लोकाचा अंमल संपतो असे मी मानतो. ऐकणाऱ्या मित्राने चव्हाट्यावर काही सांगू नये; मात्र एकांतात त्याला बजावावे की, तिला सत्य सांगण्याचे काम तुझे आहे, आणि ते झाल्यावाचून मी तुझ्या लग्नात अक्षता टाकायला उभा राहणार नाही.