पुढच्याच दारानं

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातल्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. त्या सकाळपासून गावात एकच मागणी सुरू झाली : नाट्यगृह होतं तसंच, जसंच्या तसं उभं करा. शासनानंही तसाच शब्द दिला. मागणी रास्त आहे. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये खुलं केलेलं हे पॅलेस थिएटर. १९५७ मध्ये त्याला केशवरावांचं नाव मिळालं. अशा वास्तूच्या जागी काचेचा ठोकळा उभा राहिलेला कोल्हापूरकरांनी खपवून घेतला नसता.

तरीही विचारावंसं वाटतं, होतं तसं म्हणजे कुणाला होतं तसं? शंभर वर्षांपूर्वी नाट्यगृह बांधताना चाकाच्या खुर्चीतला प्रेक्षक जगात कुणाच्याच डोळ्यांपुढे नव्हता. कॅलिपर लावून चालणारी बाई, कानाला यंत्र लावलेले आजोबा, पांढरी काठी घेऊन येणारा नाट्यवेडा, यांचा हिशेब जुन्या नकाशांत सापडायचा नाही. भिंती, कमानी, आवाजाचा घुमारा जसाच्या तसा हवा, याबद्दल वाद नाही. जुनी अडचणही तशीच जपायची का, एवढाच मुद्दा आहे.

शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोमचं प्रचंड प्रेक्षागार पाहून आले, आणि त्यातून खासबागेच्या कुस्ती मैदानाची कल्पना निघाली, असं कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. खासबागेत कुठेही बसा, हौद्यातली कुस्ती दिसते. शेजारच्या नाट्यगृहातही प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यामध्ये खांब येऊ दिला नाही, ही त्या बांधणीची ख्याती. म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसाला काय दिसेल, याचा विचार बांधणाऱ्यानं आधी केला होता. त्या माणसाला रांगेपर्यंत पोचता येईल का, हा त्याच विचाराचा पुढचा भाग. तो आपण करायचा आहे.

याच राजानं १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सगळ्यांच्या शाळेत बसवलं. जातीचा अन्याय आणि शरीराची अडचण एकाच मापानं मोजू नये, हे मान्य. पण ‘तुमच्यासाठी वेगळी सोय केली आहे’ या वाक्यातला अपमान दोन्हीकडे ओळखीचा आहे. अपंग प्रेक्षकासाठी वेगळी सोय म्हणजे बहुधा मागचं दार. जिथून सेटचे फ्लॅट आत जातात, तिथून माणूसही आत न्यायचा. सहा पायऱ्या असतील तर चार जण खुर्चीसकट उचलतात. उचलणाऱ्यांचा भाव चांगलाच असतो. उचलला जाणारा मात्र त्या तीन मिनिटांत नाटक बघायला आलेला प्रेक्षक राहत नाही.

उतार करायचा म्हणजे काय, हे एकदा फूटपट्टी घेऊन पाहावं. नियम सांगतो, एक फूट चढायला बारा फूट लांबी. जोतं तीन फूट उंच असेल तर छत्तीस फुटांचा उतार लागतो, म्हणजे जवळजवळ एका एसटीच्या लांबीचा. शिवाय मध्ये टेकायला सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा आणि वर पोचल्यावर खुर्ची वळायला पाच फुटांचं वर्तुळ. आपल्याकडे जागा नाही म्हणून हाच उतार बारा फुटांत उरकतात, वर गुळगुळीत फरशी बसवतात. कोल्हापूरच्या जुलैच्या पावसात अशा उतारावर धडधाकट माणूस घसरेल. मग त्याच्या तोंडाशी कुणीतरी मोटारसायकल लावतो. आणि ‘दिव्यांगांसाठी’ अशी पाटी लावलेल्या स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, आत बादल्या आणि खराटे. हे कुठल्या एका गावाचं वर्णन नाही. महाराष्ट्रात कुठल्याही सरकारी इमारतीत जाऊन बघा.

आत आल्यावर पुढचा प्रश्न, बसायचं कुठं? ‘तुम्ही इथं कडेला थांबा’ हे आपलं ठरलेलं उत्तर. बायको सातव्या रांगेत, नवरा खुर्चीसकट दाराच्या पडद्याशी, आणि हशा पिकला की दोघं एकमेकांकडे मान वळवून बघणार. वेगवेगळ्या दरांच्या रांगांत थोड्या जागा मोकळ्या सोडल्या आणि शेजारी सोबत्याची खुर्ची ठेवली, की हे मिटतं. सगळ्या खुर्च्या नव्यानं बसवताना हे करायला कागदावर चार रेघा पुरतात.

ऐकू येण्याचंही तसंच. नाट्यसंगीताचा कोल्हापुरी रसिक आता सत्तरीकडे झुकलाय. कानातल्या यंत्राला तबला, टाळ्या आणि मागच्या रांगेतलं वेफर्सचं पुडकं सारख्याच जोरात ऐकू येतं. जमिनीखालून तारेचं एक वेटोळं फिरवलं, तर रंगमंचावरचा आवाज थेट त्या यंत्रात उतरवता येतो; फक्त यंत्रात तशी सोय हवी. फरशी घालण्याआधी तार टाकणं किरकोळ काम. नंतर टाकायची तर फरशी फोडा.

एक गोष्ट सहसा सुटते. अपंग माणूस नेहमी प्रेक्षकातच असेल, असं आपण धरून चालतो. दिग्दर्शक स्वागत थोरात यांनी ‘अपूर्व मेघदूत’ हे नाटक अंध कलाकारांना घेऊन उभं केलं, ते रंगमंचावर. तेव्हा मेकअप रूमपासून विंगेपर्यंतची वाटही याच हिशेबात धरायला हवी.

आणि आग. त्या रात्री प्रयोग नव्हता, जीवितहानी झाली नाही. प्रयोग असता तर? आगीत लिफ्ट वापरता येत नाही. मधल्या रांगेतला, पायऱ्या न उतरू शकणारा माणूस कुठून बाहेर पडला असता? नव्या नकाशावर अग्निशमनाची तपासणी होईलच. तिच्यात हा माणूस गृहीत धरलाय का, हे विचारायला हवं.

हा प्रश्न नाट्यगृहापुरता नाही. संग्रहालयाची अडचण वेगळी. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती आहे, वीतभर उंचीचीही नाही. रोमन जगाशी असलेल्या पंचगंगाकाठच्या व्यापाराचा हा पुरावा काचेआड आहे, आणि ते योग्यच आहे. पण तिची एक प्रतिकृती काचेबाहेर ठेवली, तर अंध मुलगा बोटांनी तो समुद्रदेव पाहील. डोळस मुलंही ‘हात लावू नका’ला कंटाळलेली असतात, ती रांग लावतील. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयानं २०१५ मध्ये ‘अनुभव’ नावाचं असं स्पर्शदालन उघडलं.

‘वारसा वास्तूला हात लावता येत नाही’ ही सबब तर २००१ मध्येच निकालात निघाली. स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले, कुतुबमिनार पाहायचा म्हणाले, आणि पुरातत्त्व खात्यानं लाकडी उतार टाकले. एका दगडालाही धक्का लागला नाही. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर डिसेंबर २०२० मध्ये नवी लिफ्ट सुरू झाली. वाद तिथेही झाले, विशेषतः काँक्रीटच्या नव्या वाटांवरून, आणि ते व्हावेतही. जुन्या भिंतीला न शिवता, उद्या काढून घेता येईल असं काम कसं करायचं, ही वास्तुविशारदाची परीक्षा आहे. तिला बगल देऊन ‘नियमात बसत नाही’ म्हणणं सोपं.

‘असे लोक येतात तरी किती?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त खटकतो. दारात पायऱ्या ठेवायच्या आणि मग आत आलेल्यांची मोजदाद करायची! २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या अपंग व्यक्ती २९ लाखांहून अधिक होत्या. गुडघे गेलेल्या आजी, प्लास्टरमधला पोरगा, बाबागाडी ढकलणारी आई त्यात धरलेलीच नाहीत.

कायदा तर केव्हाच झालाय. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात जुन्या सार्वजनिक इमारतींना दिलेली पाच वर्षांची मुदत उलटून गेली आहे. आगीनंतर तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात सुगम्यतेचे किमान नियम सक्तीचे करा, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत, असं केंद्राला बजावलं.

याचे जाणकार शोधायला कोल्हापूरला बाहेर जावं लागत नाही. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये याच गावात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, आणि त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी वाचकांच्या घराघरांत आहे. पायरीची उंची काय असते, हे कुठल्याही सल्लागारापेक्षा इथल्या खुर्चीवरच्या माणसांना नेमकं ठाऊक आहे. महापालिकेनं त्यांच्यातल्या काहींना नकाशासकट बोलवावं. उद्घाटनाला हारतुऱ्यांसाठी नको. खुर्च्यांचे बोल्ट आवळण्याआधी, फूटपट्टी हातात देऊन बोलवावं. ते नापास करतील ते पुन्हा करावं, आणि तोवर पडदा उघडू नये.