नावे कोणाच्या लिहायचे?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक मथळा असा असतो की तो वाचूनही आपण वाचलेला नसतो. ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत एक ठार.’ खाली चार ओळी. जागा नांदुऱ्याजवळची असेल, मलकापूरजवळची असेल, चिखली-मेहकर रस्त्यावरची असेल. वेळ बहुधा पहाटेची, आणि मेलेला माणूस पायी किंवा सायकलवर चाललेला. शेवटची ओळ तर ठरलेलीच: चालक वाहनासह पसार झाला, पुढील तपास चालू आहे. आपण पान उलटतो आणि कापसाचा भाव पाहू लागतो.

मी आयुष्यभर शाळेत व्याकरण शिकवले. त्यामुळे असेल, पण त्या मथळ्यातला कर्ता मी शोधू लागतो आणि तो मला सापडत नाही. धडक दिली कोणी? वाहनाने. वाहन कोणाचे? अज्ञात. वाक्य तेवढ्यावर पुरे होते, पण मेलेल्या माणसाच्या घरचा प्रश्न पुरा होत नाही. ज्याने नुकसान केले त्याने ते भरून द्यावे, हे पहिलीतल्या मुलालाही कळते. पाटी फोडलीस, नवी आणून दे. पण पाटी फोडणारा पळाला आणि तो कोण हेच कोणाला ठाऊक नसेल, तर नव्या पाटीचे देणे तिथेच संपते काय? की ते आणखी कोणाच्या अंगावर येते?

हा प्रश्न मोटारींइतका नवा नाही. चोरीला गेलेला माल चोराकडून परत मिळवता आला नाही, तर राजाने तो आपल्या खजिन्यातून भरून द्यावा, असे कौटिल्याने सांगितले आहे. याज्ञवल्क्य स्मृतीतही तोच न्याय आहे. इतकेच नव्हे, तर गावात खून झाला किंवा चोरी झाली आणि गुन्हेगाराचा माग गावाबाहेर गेल्याचे दिसत नसेल, तर त्याची जबाबदारी गावप्रमुखावर येते, असेही ती स्मृती सांगते. मराठी मुलखातही ही रीत दीर्घकाळ चालत होती. गावच्या राखणदाराने, म्हणजे आपल्या वऱ्हाडात जागल्याने, चोराच्या पावलांचा माग काढीत जायचे. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावाची. माग दाखवता आला नाही, तर नुकसानीचा बोजा आपल्याच गावावर.

यातला विचार मला महत्त्वाचा वाटतो. चोर कोण ते न कळणे हे लुटल्या गेलेल्या माणसाचे दुर्दैव मानून कोणी मोकळे होत नव्हते. ते गावाचे देणे होते, कारण गावाची वाट, गावची शीव आणि गावाची राखण ही साऱ्यांची होती.

डांबरी रस्त्यावर पावले उमटत नाहीत. नांदुऱ्यापाशी माणूस पाडून निघालेली मालमोटार सूर्य वर येईपर्यंत दोन जिल्हे ओलांडून गेलेली असते. जागल्या थकला आणि त्याबरोबर त्याच्या मागचा विचारही थकला.

तो परत येण्यास बराच काळ लागला. आपल्याकडे मोटारींचा कायदा १९३९ साली झाला. दुसऱ्याला होणाऱ्या इजेसाठी विमा उतरण्याची सक्ती १९४६ च्या जुलैपासून आली. त्याच वर्षी इंग्लंडातल्या विमा कंपन्यांनी एक संयुक्त संस्था काढून, विमा नसलेल्या गाडीने केलेले नुकसान भरून देण्याचे पत्करले. आपल्याकडे पळून गेलेल्या गाडीचा विचार झाला तो १९८२ साली. मृत्यूसाठी ५,००० रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी १,००० रुपये ठरले. १९८८ च्या नव्या कायद्यात त्यांचे ८,५०० आणि २,००० झाले, १९९४ मध्ये २५,००० आणि १२,५००, आणि १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख आणि पन्नास हजार. हा पैसा वाहनविम्याच्या हप्त्यांतून वेगळ्या काढलेल्या निधीतून येतो. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा. त्यांच्या चौकशीवर जिल्हाधिकारी मंजुरी देतात. वकील लागत नाही, आणि गुन्हेगार सापडावा लागत नाही.

इथे कोणी रास्तपणे विचारील, की हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार नव्हे काय? ज्याने इमानाने विमा उतरला, गाडी सांभाळून चालवली, त्याच्या हप्त्यातून पळपुट्याचे देणे का फेडायचे?

या प्रश्नाला माझ्यापाशी पाठ केलेले उत्तर नव्हते. मागल्या एका हिवाळ्यात नांदुऱ्याकडच्या एका खेड्यातली बाई आपल्या मुलाबरोबर माझ्या ओट्यावर आली. मुलगा माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा पुतण्या. सरकारी कागद वाचून द्यायला लोक अजून माझ्याकडे येतात. तिचा नवरा पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन सायकलवर निघाला होता. मोठ्या रस्त्यावर कोणत्या तरी गाडीने त्याला उडवले. गाडी सापडली नाही. मुलाने कुठून तरी त्या योजनेचा अर्ज आणला होता. मी तो समजावून सांगितला, पण बाईने अंगठ्याची शाई पुढे केली नाही.

“गुरुजी,” ती म्हणाली, “ज्यानं मारलं थो त पयून गेला. मंग हे पैसे देते कोन?”

मी सांगितले, “ज्यांच्या गाड्या आहेत ते सारे थोडे थोडे भरतात, त्यातून.”

“त्याइनं काय केलं माह्या घरधन्याले? मले कोनाची भीक नाई पायजे. अन् आमची त गाडीबी नव्हती. आमी त्याच्यात काय भरलं?”

तिच्या बोलण्यात दोन प्रश्न होते आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्यात होते. तिने काय भरले होते? त्या रस्त्याचा उपयोग सगळ्यांना होतो. खामगावच्या बाजारात कापूस त्यानेच येतो, माझी औषधे त्यानेच येतात, पंढरपूरहून परतणारी पालखी पाहायला शेगावला जाणारी मंडळी त्यानेच जातात. वेगाची सोय साऱ्यांनी वाटून घेतली आहे. त्या वेगाबरोबर धोकाही येतो. तो मात्र वाटून घेतलेला नाही. तो रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याच्या वाट्याला येतो, सायकलवाल्याच्या वाट्याला येतो. गाडीवाल्याने वर्षाला हप्ता भरला. या माणसाने रोज पहाटे आपला जीव तारण ठेवला. त्या तारणावर आपण सारे उधारीने वागत होतो. एके दिवशी ते तारण बुडाले.

म्हणून मी तिला म्हणालो, “बाई, ही भीक नाही. तुमच्या घरधन्याचे सगळ्या रस्त्याकडे येणे होते, ते आहे. पुरे नाही, पण येणेच आहे.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने मुलाला विचारले, “म्हंजे आपलं उसनं हाये?” मुलगा हो म्हणाला. तिने अंगठा उठवला.

भीक आणि उसने यांतला हा भेद तिच्या लगेच ध्यानात आला. आपल्या सार्वजनिक व्यवहारात तो फार पुसट झाला आहे. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात, समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला जाणारी खाजगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे होरपळून गेली. त्याच दिवशी राज्य शासनाने प्रत्येक कुटुंबाला पाच लाख आणि केंद्राने दोन लाख रुपये जाहीर केले. ते योग्यच झाले. त्या घरांच्या दुःखापुढे तेही थोडेच. पण एका वेळी पंचवीस माणसे गेली तर मंत्री धावून येतात, आणि तितकीच माणसे वर्षभरात एकेक करून अंधारात गेली तर त्यांच्या वाट्याला एक छापील अर्ज येतो, तोही कोणी सांगितला तर. दान जाहीर होते, देणे मात्र मागायला जावे लागते. सरकारी भाषेतही ‘सानुग्रह’ म्हणजे कृपेने दिलेले, आणि ‘भरपाई’ म्हणजे जे मोडले ते भरणे. पळालेल्या गाडीच्या जुन्या योजनेच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘सांत्वन’ असा होता. २०२२ च्या योजनेच्या नावात ‘भरपाई’ आहे. नाव बदलले हे बरे झाले. मन अजून बदलायचे आहे.

आणि हे देणे पुरे आहे असेही कोणी समजू नये. धडक देणारी गाडी सापडली आणि तिचा विमा असला, तर न्यायाधिकरण मृताचे वय, कमाई, पाठीमागची माणसे पाहून रक्कम ठरवते. तीच गाडी पळाली तर तरुण असो, म्हातारा असो, सरसकट दोन लाख. गाडी सापडली पण विमाच नसला, तर ही योजना लागू नाही. मालकाविरुद्ध निकाल हाती येतो आणि मालकाचा हात रिकामा असतो. तिन्ही घरांतले मरण एकच, पण त्याची किंमत ठरते मारणाऱ्याच्या वागण्यावरून. याला न्याय म्हणवत नाही. फार तर न्यायाचा पहिला हप्ता म्हणता येईल. कायद्यालाही ते ठाऊक आहे: पुढे गाडी सापडून पुरी भरपाई मिळाली, तर आधी घेतलेली रक्कम परत करायची असते. म्हणजे निधीने पैसे दिले म्हणून पळालेल्याचे ऋण फिटत नाही. आपण फक्त तोवर त्याच्या जागी उभे राहतो.

२०२४ च्या जानेवारीत पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या संहितेत आली म्हणून देशभर मालमोटारी थांबल्या. पेट्रोलसाठी रांगा लागल्या, घरोघर वाद झाले. पुढे जुलैत संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवले गेले. शिक्षा किती असावी यावर सारे बोलले. त्याच महिन्याच्या १२ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने जो आदेश दिला, त्याची मात्र चर्चा फारशी कानांवर आली नाही. २०२२ साली देशात धडक देऊन पळाल्याचे ६७,३८७ अपघात नोंदले गेले; २०२२-२३ या वर्षात भरपाईचे अर्ज आले अवघे २०५. न्यायालयाने सांगितले की गाडीचा शोध एका महिन्यात लागला नाही, तर पोलिसांनी जखमीला किंवा मृताच्या वारसांना या हक्काची लेखी माहिती द्यावी, अपघाताचा अहवाल चौकशी अधिकाऱ्याकडे पाठवावा, आणि तरीही अर्ज आला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने त्या घरी पोचावे. हे जागल्याचेच काम आहे. गुन्हेगाराचा माग लागला नाही, तरी येणे असलेल्या माणसाचा माग काढता येतो.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला खामगावच्या पेठेत अजूनही चोपड्यांची पूजा होते. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. जुन्या मुनीमांची एक शिस्त असे: गिऱ्हाईक परागंदा झाले म्हणून रक्कम खोडायची नाही, ती नव्या वहीत मागील बाकी म्हणून ओढायची. आपल्या रस्त्यांची वही कोणी मांडली, तर तिच्यात अशा रकमा हजारोंनी निघतील, आणि प्रत्येकीपुढे नावाच्या जागी ‘अज्ञात’ असेल. तो अज्ञात सापडेल तेव्हा सापडेल. तोवर ती बाकी आपल्या नावे ओढून घ्यावी, आणि आपल्या ओळखीत, आपल्या खेड्यात असे एखादे घर असेल तर त्यांना जाऊन सांगावे, की तुमचे आमच्याकडे येणे आहे.