जोडावं, जड करू नये

सोयाबीन निघालं की वाशीम-रिसोडकडची वावरं मोकळी होतात. रिमोटवर उडणारं थर्माकोलचं विमान उडवायला अशी जागा छान. उडवणं लवकर जमतं. उतरवताना फजिती होते. वेग आधीच कमी पडतो, नाक खाली जातं आणि विमान ढेकळांवर आदळतं. पंखाला चीर जाते.

सराव असलेली माणसं लगेच गोंद काढत नाहीत. आधी बॅटरी सोडवतात. ती फुगली असेल तर पुन्हा चार्ज करत नाहीत, पेट घेण्याची भीती असते. मग चीर कुठवर गेली ते बोटांनी चाचपतात. झटपट चिकटणारा साधा गोंद थर्माकोल विरघळवतो, म्हणून पांढरा फेविकॉल लावून रात्रभर थांबतात. तोही बेताचाच. गोंदाचे थर आणि टेपचे वेढे वाढले की पंख मजबूत होतो, पण विमान जड होतं. जड विमानाला हवेत राहायला जास्त वेग लागतो, म्हणजे पुढचं आदळणंही जोराचं. शेवटी पंखांखाली दोन बोटं धरून तोल बघतात. शेपूट झुकली, तर बॅटरी थोडी पुढे सरकवतात.

राइट बंधूंनीही हेच केलं. १४ डिसेंबर १९०३ रोजी विल्बरचं विमान जेमतेम साडेतीन सेकंदांत वाळूत आदळलं. भावांनी ते नव्यानं बांधायला घेतलं नाही. मोडलं तेवढं दुरुस्त केलं. १७ डिसेंबरला तेच विमान उडालं, आणि त्या दिवसाचं शेवटचं उड्डाण ५९ सेकंद टिकलं.

घरात कुणाशी वाजलं की आपल्याला मात्र सांधायची घाई होते. मनापासून म्हटलेलं ‘माझं चुकलं’ पुरेसं असतं. पण आपण त्यावर खुलासे चढवतो, मागचे दाखले देतो, समोरच्याकडून ‘राग गेला’ असं वदवून घेतो. मग पुढच्या वेळी साध्या बोलण्यालाही ते सगळं ओझं वाहावं लागतं. आज कुणाशी बिनसलेलं असेल, तर एकच वाक्य बोला. वाळायला वेळ द्या. आणि निघताना नेहमीसारखं विचारा, ‘येताना काय आणू?’