पातेले कुणाचे?

दसरा उलटला, की घरोघर माळ्यावरचे डबे खाली येतात आणि बोहारणीची हाक ऐकू येऊ लागते. काय टाकावे, काय ठेवावे, यावरून घरात दोन तट पडतात. हा वाद गोड असतो. कारण वस्तूंचा मालक भांडायला हजर असतो. पण मालकच निघून गेला असेल तर?

गेल्या वर्षी भाद्रपदात आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई वारल्या. इंदिरानगरात त्या एकट्याच राहत. रामकुंडावर दशक्रिया आटोपल्यावर त्यांचा भाचा म्हणाला, "सर, दोन दिवस याल? आत्याचं घर मोकळं करायचंय."

दार उघडले आणि आम्ही थबकलो. छताला टेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे; धुऊन, घडी घालून बांधलेल्या दुधाच्या पिशव्या; सुतळीचे तुकडे, औषधांच्या रिकाम्या बाटल्या! भाचा ओशाळून म्हणाला, "आत्याला वेड लागलं होतं की काय?" साठवण्याची अशी अनावर ओढ हा आजार असू शकतो, असे आता वैद्यकशास्त्रही मानते. पण मला बाईंचे एक बोलणे आठवले. १९७२ च्या दुष्काळात सिन्नरकडच्या गावी त्यांनी खडी फोडली होती, मिलोच्या भाकरी खाल्ल्या होत्या. त्यानंतर त्यांच्या हातून काही टाकवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. फोटो, पासबुके, विद्यार्थ्यांची पत्रे मी बाजूला काढली. बाकीचे तराजूवर घातले. त्यात एक चेपलेले ॲल्युमिनियमचे पातेले होते. संध्याकाळी कामाच्या मावशी आल्या. दोन वर्षे बाईंचे सारे अंथरुणातच त्यांनी केले होते. भाच्याने त्यांना स्टीलचे डबे दिले. ते घेऊन त्या ओट्याकडे पाहत राहिल्या.

"सर, ते चेपलेलं पातेलं गेलं का? त्यातच पेज करायची मी बाईंना."

सकाळी मी पाथर्डी फाट्यावरचे भंगाराचे दुकान गाठले. माल रात्रीच ट्रकमध्ये चढला होता.

परतताना पांडवलेण्यांचा डोंगर समोर होता. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने २००० कार्षापण विणकरांच्या श्रेणीकडे ठेवले आणि त्यांच्या व्याजातून २० भिक्षूंच्या चीवरांची सोय लावली. अंगावरचे वस्त्र आणि हातातले पात्र एवढाच ज्यांचा संसार, त्यांच्यामागेही 'हे आता कुणाचे?' हा प्रश्न उरतच होता. विनयपिटकाने त्याचे उत्तर दिले आहे: मृत भिक्षूच्या पात्रचीवरांचा मालक संघ, पण संघाने ती आजारपणात शुश्रूषा करणाऱ्याला द्यावीत.

वारस कोण, हे कायदा ठरवतो, आणि ते योग्यच आहे. पण कोणती वस्तू कशासाठी होती, हे वारसाला ठाऊक असतेच असे नाही. ते ठाऊक असते सेवा केलेल्या हातांना. म्हणून मला वाटते, घर आवरणे हा शुश्रूषेचाच शेवटचा भाग आहे, आणि त्यात पहिला शब्द त्या हातांचा असावा. असे विचारत बसलो, तर घर कधी रिकामे होणार? होईल, एक दिवस उशिरा होईल, इतकेच.

गेल्या दिवाळीत मी मावशींकडे फराळाचा डबा घेऊन गेलो. त्यांनी फराळ बाईंच्या स्टीलच्या डब्यात काढून घेतला. आमचा डबा धुतला, रिकामा देऊ नये म्हणून त्यात चिमूटभर साखर घातली आणि परत दिला. पातेल्याचा विषय त्यांनी काढला नाही. मलाही तो काढवला नाही.